जम्मूपेक्षा लांब सावनेर

हुडकेश्वर, नागपूर
५ एप्रिल २०२५

दीप्ती,

'प्रिय' लिहिणार नाही. जी मुलगी सहावीची वार्षिक परीक्षा न देता जम्मूला पळते आणि मैत्रिणीला एकटीला अपूर्णांकांच्या तोंडी देते, तिला कोणी प्रिय म्हणत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. परवाचा फोन आठव. इकडे माझी आई स्पीकर लावून बसली, तिकडे तुझी आई. दोघी कैरीच्या भावावर बोलल्या, तिथल्या हवेवर बोलल्या, मग आईने फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी म्हटलं, "बरी आहेस ना?" तू म्हणालीस, "हो." झालं. सहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, एका वाटीतला चिवडा खाल्ला, आणि आता आपण "बरी आहेस ना" वाल्या पाहुण्या झालो. म्हणून पत्र. पत्राला स्पीकर नसतो.

तुमच्या घराची किल्ली आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे. मोगऱ्याला पाणी मी घालते. आजी घालते असं तुला वाटत असेल तर ते चूक आहे, तिचे गुडघे तिला तुमच्या अंगणापर्यंत नेत नाहीत. माझा भाऊ हर्षित होता तसाच आहे, म्हणजे बावळट. तुमच्या रिकाम्या ओट्यावर गल्लीतली पोरं घेऊन क्रिकेटचा स्कोअर लिहितो. मी दोनदा पुसला.

रविंद्रकाकांना इतक्या वर्षांनी फौजेचं क्वार्टर मिळालं आणि तुम्ही तिघं एका घरात राहायला लागलात, याचा तुला आनंद झाला असेल. व्हायलाच पाहिजे. वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा बाबा रोज संध्याकाळी घरी येतो म्हणजे चेष्टा नाही. मला हे सगळं कळतं. मला फक्त ते आवडत नाही.

उत्तर लिही. मोठं लिही.

तुझ्यावर रागावलेली,
हिमानी


हुडकेश्वर
९ मे २०२५

दीप्ती,

हे पत्र तुला कधी मिळेल ठाऊक नाही. पोस्टातले काका म्हणाले, "जम्मूचं आहे का? टाकून ठेव बाई, जाईल तेव्हा जाईल."

काल संध्याकाळी टीव्हीवर जम्मू दाखवलं. काळं आकाश आणि त्यात लाल ठिपके धावत होते. हर्षित म्हणाला, "दिवाळीसारखं दिसून राहिलं ना!" मी त्याला उशी फेकून मारली. उशीने काही होत नाही म्हणून मग पट्टी फेकून मारली. टीव्हीवरचा माणूस इतका ओरडत होता की आजीने रिमोट घेऊन त्याला बंदच केलं. म्हणाली, "याले कोणी पाणी द्या रे."

आईने काकूंना पुन्हा पुन्हा फोन लावला. एकदाच लागला. काकू म्हणाल्या, आम्ही दोघी बऱ्या आहोत, लाईट बंद ठेवायला सांगितले आहेत, हे पुढे गेले आहेत राजौरीकडे, आणि फोन कटला. 'हे' म्हणजे काका, आणि 'पुढे' म्हणजे काय ते मला आईच्या तोंडावरून कळलं. मागून तुझा आवाज येतो का म्हणून मी कान लावला होता. भोंग्याचाच आवाज येत होता.

मग मी आपल्या, म्हणजे आमच्या पुढच्या खोलीतला लाईट बंद केला आणि खिडकीत बसले. आमच्याकडे लाईट जायला शत्रू लागत नाही, थोडा वारा पुरतो, पण हा मी स्वतः घालवला होता. बाबा हिंगण्याला ड्यूटीवर निघाले होते, कंपनीचा ड्रेस घालून. म्हणाले, "काहून वं, अंधारात काहून बसून राहिली?"

मी म्हटलं, "दीप्तीकडे अंधार आहे."

मला वाटलं, ते हसतील आणि बटण दाबतील. ते जोडे घातलेलेच माझ्या बाजूला येऊन बसले. काल त्यांची कंपनीची बस चुकली आणि फटफटीने जावं लागलं. आई त्यांना रागावली नाही, म्हणजे बघ.

तुला भीती वाटते का? मला इथे वाटते. मी इथे सुरक्षित आहे आणि तरी मला वाटते, हे मी फक्त तुला लिहिते आहे.

हिमानी


हुडकेश्वर
२२ मे २०२५

दीप्ती,

युद्ध थांबल्याची बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले. एक तुझ्या नावाचा म्हणून. त्याच पहाटे काकांच्या चौकीजवळ गोळा पडला होता, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं. त्यानंतर मी पेढा खाल्लेला नाही.

काकू आईला सगळं सांगत होत्या. पाय मोडला आहे, तो जुळेल. कानाचं काही सांगता येत नाही. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा.

मी तुझ्याशी बोलायला मागितलं. काकू म्हणाल्या, "ती बोलत नाही गं सध्या कोणाशी." मी म्हटलं, मी 'कोणी' नाही, माझं नाव सांगा. त्यांनी सांगितलं. मला फोनमध्ये काकू तुला सांगताना ऐकू आल्या. मग काहीच ऐकू आलं नाही.

बरं. नको बोलू. मी बोलते. मला सवय आहे, वर्गातसुद्धा बडबडीबद्दल मार मलाच बसायचा आणि विषय तुझा असायचा.

हिमानी


हुडकेश्वर
२९ जून २०२५

दीप्ती,

पत्ता बदलला. आता पाकिटावर सावनेर लिहायचं. काकांना दवाखान्यातून लांब सुट्टी मिळाली आणि तुम्ही सगळे तुझ्या पार्वतीआजीकडे आलात, हे आईने मला भाजी निवडता निवडता सांगितलं. मी उडीच मारली. सावनेर! म्हणजे एक बस! मी आईला विचारलं, मग हुडकेश्वरला कधी येणार? आई मेथीच निवडत राहिली.

शाळा सुरू झाली. आपल्या बाकावर करिष्मा नावाची नवी मुलगी बसते. चांगली आहे. मी तिला लगेच बसू दिलं, जागा काही कोणाच्या नावावर नसते.

हे खोटं आहे. पहिले दोन दिवस मी तिथे दप्तर ठेवलं होतं आणि कोणी विचारलं की सांगायची, "दीप्ती येणार आहे." बाईंनी शेवटी दप्तर उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. करिष्मा बिचारी दोन दिवस मागे उभी होती.

तुझी पाच ओळींची चिठ्ठी आली तरी चालेल. आधी 'मोठं लिही' म्हटलं होतं ते मागे घेते.

हिमानी


हुडकेश्वर
३ ऑगस्ट २०२५

दीप्ती,

पडद्याखालून तुझे पाय दिसत होते.

हे मी सगळ्यात आधी लिहिते, कारण तुला वाटत असेल की मला कळलं नाही. निळ्या पट्ट्याच्या चपला घातलेल्या होत्या. मी सावनेरला तुमच्या ओट्यावर बसून तुझ्या आजीच्या हातचा चहा प्यायले, पोहे खाल्ले, आणि पूर्ण वेळ तुझे पाय पाहत होते. ते एकदा पुढे सरकले. मग पुन्हा मागे गेले.

काका बाजेवर पाय लांब करून बसले होते. मला पाहून इतक्या मोठ्याने ओरडले, "हिमानी आली का वं!" की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही ना. मी हसले, मग मला हसल्याची लाज वाटली. पार्वतीआजी म्हणाल्या, "पोरगी बोलतच नाई वं. फटफटीचा आवाज आला का कोपरा धरते. बापाले ऐकू येत नाई तं म्या कायले बोलू, असं एक डाव म्हणे, तवापासून मुकीच झाली." मग त्या पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या, "ये ना वं बाहीर! तुह्यासाठीच तं आलं लेकरू!"

तू आली नाहीस. आम्ही फटफटीवरच आलो होतो. मला आधी ठाऊक असतं तर मी बाबांना गावाबाहेर गाडी लावायला सांगितली असती आणि चालत आले असते.

परत येताना डोळ्यांत कचरा गेला, असं मी बाबांना सांगितलं. पाटणसावंगीपासून घरापर्यंत कचरा जात होता.

आणि काकूंनी मला ते सांगितलं, जे आईने मेथी निवडताना सांगितलं नव्हतं. तुझं नाव सावनेरच्या शाळेत घातलं आहे. पोळा झाला की टेम्पो आणून इथलं सामान नेणार आणि घर सोडणार. बरोबरच आहे, बंद घराचं भाडं कोण भरणार. पण दीप्ती, एकदा सामान गेलं की तुला हुडकेश्वरला यायचं कारणच उरणार नाही. मी कारण म्हणून पुरत नाही, असं दिसतं.

तू जम्मूला होतीस, तिथे बॉम्ब पडत होते, आणि तरी मला वाटायचं की तू इथेच कुठेतरी भिंतीपलीकडे आहेस. आता तू सावनेरला आहेस आणि मला जम्मूपेक्षा सावनेर लांब वाटतं.

मला तुझी आठवण येते. रोज येते. फिरवून फिरवून लिहायचा कंटाळा आला, म्हणून सरळ लिहिलं.

हिमानी


हुडकेश्वर
२४ ऑगस्ट २०२५

दीप्ती,

तुझं उत्तर येत नाही हे मला मान्य आहे, पण काल जे झालं ते तुला न सांगता माझं पोट फुटेल. आणि यात तुम्हा लोकांची माफी मागायची आहे. तेव्हा वाच.

काल तान्हा पोळा होता, पोरांच्या लाकडी बैलांचा. तुझ्याकडे स्वतःचा बैल नव्हता, पण माझ्या लाकडी बैलाची दोरी धरून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला तू माझ्यापुढे असायचीस आणि चॉकलेटं पण जास्त तूच उकळायचीस. या वर्षी मी बैल काढलाच नाही. आजी म्हणाली, "बैलाले काहून शिक्षा?" तरी नाही काढला.

तर गल्लीचा बडग्या. सालभरात जी पीडा झाली असेल ती त्या पुतळ्याच्या माथी मारायची, मिरवायचं आणि मैदानात नेऊन जाळायचं. मागच्या वर्षी डेंगूचा मच्छर होता, आठवतं? या वर्षी हर्षित आणि त्याच्या टोळीने ठरवलं, शत्रूचा ड्रोनवाला करायचा. तणसाच्या पेंढ्यांचं अंग, मडक्याचं डोकं, हातात पुठ्ठ्याचं ड्रोन. म्होरके अर्थात नत्थूजी. एसटीतून रिटायर झाल्यापासून त्यांना वर्षातून एकदाच गर्दी हाकायला मिळते.

बडग्याला कपडे पाहिजेत. आई हर्षितला म्हणाली, गच्चीवर बाबांचा कंपनीचा फाटका ड्रेस वाळतो आहे, तो घे. आता त्याच गच्चीवर, त्याच दोरीवर, आईने तुमच्या पेटीतले कपडे टाकले होते. पावसाने पेटीला वास मारायला लागला होता आणि टेम्पो यायच्या आत सगळं वाळवून ठेवू, असं तिला वाटलं. माझ्या हुशार भावाने काय उचललं असेल?

मी घरात बसले होते. "घेऊन जा रे बडग्या!" ऐकू येत होतं. खिडकीतून पाहिलं तर ड्रोनवाला अगदी खऱ्या फौजीसारखा दिसत होता. मला वाटलं, भाड्याने आणला असेल ड्रेस. मग तो वळला आणि मला त्याचं कोपर दिसलं. हिरव्या कापडावर निळ्या दोऱ्याचं रफू.

ते रफू मला ठाऊक आहे. आपल्याला झोका बांधून देताना काकांची बाही कडुनिंबाच्या फांदीत अडकली होती, आणि काकूंना घरात हिरवा दोरा सापडला नव्हता.

मी चप्पल न घालता धावले. मैदानात पोचले तेव्हा नत्थूजींनी काडी काढली होती. मी ओरडले, "थांबा! हे आमच्या काकांचं आहे!" कोणाला काही कळेना. मी सरळ बडग्यावर चढले. त्याच्यासकट पडले. पडल्या पडल्या बटणं काढायला लागले. पोरं ओरडत होती, "हिमानीचं डोस्कं फिरलं!" हर्षितने जवळ येऊन बाही पाहिली आणि त्याचं तोंड मडक्याएवढं झालं. मग तोही पँट ओढायला लागला. लढाईवरून आलेल्या माणसाचा ड्रेस शत्रूला घालून आम्ही जाळणार होतो, दीप्ती. मला रडू येत होतं आणि राग येत होता आणि पँट निघत नव्हती.

शेवटी ड्रोनवाला उघडा झाला. नुसतं तणस आणि सुतळी. लोक हसायला लागले. नत्थूजी मात्र गंभीर. म्हणाले, "उघडा बडग्या जाळत नाई पोरी. रीत नाई ते. कापड पाह्यजे."

आता कापड कुठून आणायचं? एक पोरगा आमच्या घरी पळाला, आणि थोड्या वेळात आमची इंदूबाई, म्हणजे माझी आजी, जिचे गुडघे तुमच्या अंगणापर्यंत जात नाहीत, ती मैदानापर्यंत आली. हातात तिचा गुलाबी फुलाफुलांचा गाऊन. म्हणाली, "हा घाला त्याले. मले तसाबी गळ्याले टोचते."

आणि दीप्ती, शत्रूचा ड्रोनवाला आजीचा गाऊन घालून, गळ्यात झालर आणि हातात ड्रोन घेऊन जळाला. नत्थूजींनी आरोळी दिली, "ड्रोन, बॉम्ब, भोंगे घेऊन जा रे बडग्या!" आणि मग हळूच, "गाऊनबी घेऊन जा!"

युनिफॉर्म मी स्वतः धुतला. गुडघ्याजवळ थोडं तणस टोचून धागा निघाला आहे, बाकी धड आहे. इस्त्री करून पेटीत ठेवला. काकांना सांग, चुकून झालं. हर्षित दोन वेळा जेवला नाही. तिसऱ्या वेळी जेवला, पण कमी.

काकांना वाईट वाटेल का गं? हे पत्र त्यांना दाखवायचं की नाही ते तू ठरव. मला खूप भीती वाटते आहे.

हिमानी


सावनेर
३० ऑगस्ट २०२५

हिमानी बेटा,

पत्रावर माझं अक्षर पाहून दचकू नको. सगळं ठीक आहे.

आधी माझा गुन्हा. तू दीप्तीला लिहिलेली पत्रं मी वाचतो. दुसऱ्याची डाक फोडू नये, हे मी पलटणीत पोरांना शिकवलं आहे. पण पहिलं पत्र सोडलं तर दीप्ती तुझी पत्रं न उघडता उशीच्या अभ्र्यात ठेवायची. एक दिवस मला राहवलं नाही.

मला सगळे पाटीवर लिहून विचारतात. जेवले का. गोळी घेतली का. पाय दुखतो का. मी मान हलवतो. घरात हसणं होतं, भांडण होतं, शेजारची बाई काहीतरी सांगून जाते, ते मला पाटीवर कोणी लिहून देत नाही. कोण लिहील एवढं? मग तुझं पत्र हाती आलं. त्यात अपूर्णांक होते, करिष्माचा बाक होता, तुझे बाबा अंधारात बसले ते होतं. गोळा पडल्यापासून मला कोणी पहिल्यांदा पूर्ण गोष्ट सांगितली, असं वाटलं. मी पोस्टमनची वाट बघायला लागलो.

आता बडग्या. वाईट वाटेल का म्हणून विचारलंस. बेटा, गाऊनपर्यंत आलो आणि मला इतकं हसू आलं की बाज हलली. माझं हसणं मला ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने हसतो त्याचा अंदाज राहत नाही. दीप्ती आतून धावत आली. मी रडतो आहे असं तिला वाटलं. ती माझे डोळे पुसायला लागली. मी नुसता कागदाकडे बोट दाखवत होतो.

तिने उभ्या उभ्या वाचलं. मग खाली बसली. मग अभ्र्यातली सगळी पत्रं काढून जमिनीवर मांडली आणि एकेक वाचत गेली. पडद्याखालच्या पायांचं वाचलं तेव्हा उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मी तिच्या मागे गेलो नाही.

आता सकाळपासून तिचं तोंड चालू आहे. काय बोलते ते मला ऐकू येत नाही, पण तिची आई मधूनमधून डोक्याला हात लावते, त्यावरून वाटतं की चांगलंच काहीतरी चाललं असावं.

हर्षितला सांग, पोटभर जेव. आणि इंदूबाईंना नवीन गाऊन माझ्याकडून.

मला वेगळी पत्रं लिहिशील का? दीप्तीने पाटीवर लिहिलं आहे, तिची आता ती देणार नाही.

तुझा,
रविंद्रकाका


सावनेर
३० ऑगस्ट

हिमे,

बाबाच्या पाकिटात टाकते आहे, वेगळं तिकीट कशाला.

बाबाने माझी पत्रं माझ्या आधी वाचली, म्हणून मी त्याच्यावर रागावले आहे. तू त्यात माझ्याबद्दल काय काय लिहिलंस, म्हणून तुझ्यावर पण रागावले आहे. चॉकलेटं मी जास्त उकळत नव्हते. तुझी सोनपापडी मी कधी घेतली नाही, ते नाही लिहिलंस.

मी बाहेर का आले नाही ते सांगते. तू माझ्याशी बोलली असतीस तर मला रडू आलं असतं, आणि मी रडले की आई रडते, आणि आई रडली की बाबाला वाटतं त्याच्यामुळे. म्हणून पडद्यामागे राहिले. तू गेल्यावर फटफटी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी कान झाकले नव्हते.

टेम्पो पुढच्या रविवारी येणार आहे. घर सुटणार, ते खरं आहे. मी टेम्पोत ड्रायव्हरजवळ बसून येणार आहे. आई नको म्हणते, हॉर्नचा त्रास होईल म्हणते. मी येणार आहे. सामान भरायला दिवसभर लागेल, तेवढा दिवस आपला.

एक काम कर. इथे सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात. बाई मला प्रश्न विचारत नाहीत, मुली मला पहिला नंबर देतात, शेजारच्या काकू मला पाहून 'बिचारी' म्हणतात आणि हातात लाडू ठेवतात. चार महिने झाले, माझ्याशी कोणी भांडलं नाही.

मी टेम्पोतून उतरले की तू माझ्याशी भांड.

दीप्ती